मिरचीच्या खोलीतला कॉम्प्युटर

यंगयांग, १४ सप्टेंबर

चि. हारिम हिस आजीचे अ. आ.; त्यात निम्मा राग मिसळला आहे, तो वेगळा काढून घ्यावा.

अगं, परीक्षेसाठी डोक्यात नवीन भरायचं तर जागा लागते हे कबूल, पण म्हणून पहिल्या दिवशी आजीलाच बाहेर काढलंस? तीन पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. मला अक्षर येत नाही, पण तीनपर्यंत मोजता येतं. तुमच्या त्या वसतिगृहाच्या क्लासवाल्यांनी फोन काढून घेतले, पेनं तर नाही ना घेतली? हे पत्र नेहमीप्रमाणे प्यो गुरुजी लिहून घेत आहेत. चाळीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलं, आता माझी जीभ तपासतात. मी एक बोलते, ते दुसरंच सभ्य लिहितात, म्हणून ओळ न् ओळ वाचून दाखवायला लावते.

मिरचीची दुसरी तोडणी झाली. वाळवायचं यंत्र भरलं, म्हणून उरलेली मागच्या गरम फरशीच्या खोलीत पसरली आहे, तुझ्या कॉम्प्युटरच्या पायाशी. तू शिकवल्याप्रमाणे रोज जेवण झालं की मी बटण दाबते आणि तू केलेला खेळ खेळते. म्हातारी मिरचीची टोपली घेऊन डोंगर चढते, मागे रानडुक्कर लागतं. डुक्कर छान जमलंय. म्हातारीची पाठ मात्र फार वाकवलीस. माझी एवढी नाही, गुरुजींना विचार.

पण आठवडा झाला, यंत्र दहा मिनिटांत बंद पडतं. म्हातारी अर्ध्या डोंगरावर आणि पडदा काळा. गावातला दुरुस्तीवाला आला, दारातूनच नाक दाबून पाहिलं आणि म्हणाला की हे संपलं, नवं घ्या. ही बातमी देगूला तुझ्या बापापर्यंत कशी पोचली देव जाणे. त्याचा, म्हणजे माझ्या ग्यूतेकचा, फोन आला की नवा कॉम्प्युटर त्यानं घेतलासुद्धा. रविवारी घेऊन येतो आणि जुना भंगारात नेतो. नवा तुझाच, पण अट अशी की तू अर्जात औषधशास्त्रच भरायचं, नंबर नाही लागला तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं, आणि त्या खेळ बनवायला शिकवणाऱ्या कॉलेजचं नाव काढायचं नाही. मी त्याला म्हटलं, यंत्र तिनं जोडलंय, तिला विचारते. तेव्हा काय ते सांग. सभ्यपणा नको, तो गुरुजी घालतील.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

योंगिन, १७ सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि., गुरुजींनाही नमस्कार.

चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. इथे दर महिन्याला भिंतीवर सगळ्यांचे क्रमांक लावतात. माझा जिथे होता तिथेच आहे.

बाबांचं ऐकून टाक, आजी. खरंच. जुन्याचं ग्राफिक्स कार्ड फार मागे पडलंय, मेमरी कमी पडते, आणि आता तर तो बंदच पडतोय. माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणते, निम्म्याहून जास्त भाग बदलावे लागत असतील तर दुरुस्तीच्या नादी लागू नये, नवंच घ्यावं. दोन उन्हाळे दुकानात फळ्यांवर माल लावून, त्या पैशांत एकेक भाग आणून जोडला होता, म्हणून जरा वाईट वाटतं, एवढंच. आतला खेळ काढून ठेवायची गरज नाही. तो मी पुरा करीन असं वाटत नाही. औषधशास्त्र काही वाईट नसतं. तुझ्या गोळ्या तरी घरच्या घरी मिळतील.

रागावू नकोस. तुझा लोभ माझ्या क्रमांकावर ठरत नाही, एवढ्यावरच इथे दिवस काढते आहे.

तुझी हारिम

यंगयांग, २२ सप्टेंबर

चि. हारिम, या खेपेला आशीर्वाद नाहीत. आधी पत्र वाच, मग बघू.

तुझं पत्र गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या नातीचं आलं. “वाईट वाटतं, एवढंच” असं म्हणणारं माणूस आपल्या घरात अजून जन्माला आलेलं नाही. आपल्याकडे वाईट वाटलं की भांडी वाजतात.

मग शनिवारी मी यंत्राची तार काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन झाकण उघडलं. अगं, आत माझीच मिरची! पंख्यात, जाळीत, पट्ट्यांच्या फटींत लालभडक पूड, एका हंड्याचं किमची सहज होईल इतकी. पंखा सगळी आत ओढत होता आणि गुदमरून बंद पडत होता. दुरुस्तीवाला दारातूनच का पळाला ते तेव्हा कळलं. तीळ झाडायच्या कुंचल्यानं साफ करायला घेतलं तर गुरुजींना अठरा शिंका आल्या. हे लिहायला ते तयार नव्हते. मग बटण दाबलं. म्हातारी डोंगर चढून वर पोचली, आणि तासभर झाला तरी यंत्र चालूच.

रविवारी तुझा बाप खोकं घेऊन हजर. मी सांगितलं की जुनं बरं झालंय. तो म्हणाला, प्रश्न यंत्राचा नाहीच. मी म्हटलं, हेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग त्याचा आवाज चढला. म्हणाला, आई तुला काय कळतं, पोरीचं वाटोळं होईल, खेळांवर कुणाचं पोट भरलंय. मी म्हटलं, मला अक्षर कळत नाही हे खरं. माझ्या बापाचं म्हणणं होतं की मुलीला अक्षर कशाला, आणि मी गुणी मुलगी, मी ऐकलं. एवढं एक ऐकलं नसतं तर आज माझी पत्रं मीच लिहिली असती, आणि त्यांत शिव्याही शाबूत राहिल्या असत्या. तरी तो यंत्र उचलायला वाकलाच. तेव्हा मी त्यावर दोन्ही हात टाकून बसले. म्हटलं, न्यायचंच तर मलाही भंगारात घाल, लोखंड माझ्याही गुडघ्यांत आहे.

न जेवता गेला. खोकंही परत घेऊन गेला. मिरचीचं पोतं न्यायला मात्र विसरला नाही.

पण हारिम, ऐक. मी त्याला परतवलं म्हणजे तुझ्या वतीनं ठरवलं असं नाही. तुला मनापासून नवं हवं असेल तर तसं कळव, मी स्वतः बसनं देगूला जाऊन आणीन. फक्त थकलीस म्हणून हो म्हणू नकोस. थकलेल्या माणसानं झोपावं, सही करू नये. काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते तू सांग. तोवर आशीर्वाद अडवून धरलेत.

आजी

योंगिन, २९ सप्टेंबर

ती. आजीस, म्हणजे आशीर्वाद अडवणाऱ्या बाईस, सा. न. वि. वि.

मी झोपले. भर वर्गात, दोन तास. त्याबद्दल शिक्षा झाली, ती भोगली, आणि मग बाबांना पत्र लिहिलं. त्यात तीन ठिकाणी माफी मागितली होती, ती खोडून पुन्हा स्वच्छ लिहून काढलं. परीक्षा देणार आहे आणि नीट देणार आहे. पण अर्जात पहिलं नाव त्या खेळाच्या कॉलेजचं असेल, आणि दुसरं नसेलच. पुढच्या वर्षी मी या बाकावर बसणार नाही. नवा कॉम्प्युटर त्यांनी दुकानात परत करावा.

जुनाच ठेवायचा. कार्ड तेवढं बदलायचं, कारण माझा पुढचा डोंगर याहून मोठा आहे, तो आत्ताच्या कार्डाला झेपणार नाही. बाकी सगळं चालतंय तोवर चालवीन. शेजारणीला सांगितलं की निम्म्याहून जास्त काही बिघडलेलं नव्हतंच, नुसतं तिखट झालं होतं. आणि कृपा करून त्याला त्या खोलीतून हलव!

म्हातारीची पाठ सरळ होणार नाही, तू कितीही रुस. तिच्या हातात काठी देते आहे. टेकायला नाही, डुकराला मारायला.

आता आशीर्वाद सोड.

तुझी हारिम

यंगयांग, १२ ऑक्टोबर

चि. हारिम हिस साठलेले सगळे आशीर्वाद एकदम. मोजून घे.

यंत्र माझ्या कपाटाशेजारी हलवलं. गुरुजी लांबूनच, रुमाल लावून, मदत करत होते. परीक्षा झाली की ये आणि तुझ्या हातानं कार्ड बसव. मी नुसती कुंचला धरीन.

सुगीच्या सणाला तुझा बाप आला होता. पितरांपुढे माझ्या शेजारी वाकला, पण बोलला तो पितरांशीच. निघताना दारात म्हणाला की हिला पुढे पस्तावा होईल. मी म्हटलं, होऊ दे की, तिचा स्वतःचा असेल. मी आयुष्यभर बापाच्या मर्जीचा वापरतेय. त्यानं बूट घातले आणि गेला. आता रोज गावच्या सभागृहात फोन करून मी गोळ्या घेतल्या का ते विचारतो, पण आईला फोनवर बोलवा असं म्हणत नाही. मीही फोन मागत नाही. बघू कोण आधी थकतं ते. मी नाही.

लोभ असाच तिखट राहू दे.

तुझी आजी

ता. क. परीक्षा जवळ आली की लोक पोरांना यॉत मिठाईच्या चिकट कांड्या पाठवतात, कॉलेजात जागा घट्ट चिकटावी म्हणून. मी पाठवणार नाही. तू कुठे चिकटलेली मला नको. उलट तूच पाठव. तुमच्या फाटकाबाहेर या दिवसांत यॉतवाले बसतातच. भोपळ्याचं घे, जाड कांडीचं, दाताला धरून राहणारं. तीळ लावलेलं नको, ते लवकर सुटतं. बापाच्या नावानं देगूला पाठव, परीक्षेच्या दिवसापर्यंत त्याचं तोंड उघडणार नाही एवढं.