बंबातली राख

आई,

काल कॉलनीच्या सभेत कचरा जाळून वीज करायच्या कारखान्याची चर्चा होती, आणि मी तुझा विषय काढला. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरामागे तुझा तांब्याचा बंब होता. पत्र्यावर वाळवलेल्या संत्र्याच्या साली, करवंट्या, आंब्याच्या कोया, फाटक्या वह्या, सगळं त्याच्या पोटात जायचं आणि घरभराच्या आंघोळीचं पाणी तापायचं. राख चाळून तू तिनं भांडी घासायचीस. धूर तेव्हाही होताच, तू डोळे पुसत फुंकणी फुंकायचीस. त्या बंबाला मी उगाच देव्हाऱ्यात बसवत नाही. मग मला हिंगण्याला कारखान्यात नोकरी लागली. पहाटेची बस, थंडीचे दिवस. कारखान्यामागे प्लास्टिकचा थर दिलेल्या रेक्झिनच्या कातरणांचा ढीग पडलेला असायचा. त्यातलं पोतं भरून मी केवढ्या ऐटीत तुझ्यापुढे ठेवलं! कचऱ्याचाही निकाल लागला, जळणही वाचलं. पाणी बघता बघता उकळलं. चौथ्या दिवशी मी जेवतोय, आणि तू घासायला घेतलेला भाताचा पितळी गंज आणून माझ्यासमोर ठेवतेस. त्यावर काळे, चिकट ओरखडे आहेत.

"याच्या राखेनं भांडं निघून नाही राहिलं. गोळेच होतात तिचे. अन् धूर छातीत बसते. नको आणू गा."

"धूर तं सालीचाही होते. मले सकाळी गरम पाणी पाहिजे, बस."

तू भांड्यांसाठी शेजारणीकडून राख आणू लागलीस, आणि मी पोती आणत राहिलो.

दोन हिवाळ्यांनंतर तुझा खोकला थांबेना. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय जाळता?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "लाकडं." तू माझ्याकडे पाहिलंस. "हो जी, लाकडंच." परतताना रिक्षात तू पदर तोंडाशी धरून बसली होतीस. मला वाटलं रागावलीस. तर म्हणालीस, "तुले उद्या पहिली पाळी आहे न? डब्यात काय देऊ?" त्या खोकल्यानंच तू गेलीस. तो त्या धुरानंच झाला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टर कदाचित सांगू शकले असते, त्यांना खरं कळलं असतं तर.

काल कुणी म्हणालं, कचरा कुजत पडण्यापेक्षा जाळलेला बरा, वीज तरी मिळेल. तेही खोटं नाही, त्या ढिगाचा वास माझ्याही घरात येतो. मी उठून एवढंच विचारलं, की राख कुठे टाकणार? सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. मग मला चेव आला आणि मी बोलून गेलो, "आमची आई जुन्या वळणाची. काहीही जाळायची बिचारी, तिला काय कळत होतं." लोक हळहळले. मीही खाली बसून मान हलवली.

हा कागद कपाटातच राहील. पुढची सभा रविवारी आहे. तिथे तोंड उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून आधी तुला सांगतो. पोती मी आणत होतो, आई. तू नको म्हणाली होतीस.