वॉलरसचे सुळे गळाले त्याची हकिगत

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त सप्तांगच समजावा. राहिलेलं एक अंग प्रत्यक्ष भेटीत चुकतं करीन.)

इकडे सगळं ठीक आहे. तुमची तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? डोळ्यांत औषध घालता का, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसता? झोप लागते का? आणि मिशा कशा आहेत? मिशांची चौकशी मी आजवर कधी केलेली नाही हे मला कबूल आहे, पण वडीलधाऱ्यांची विचारपूस अर्धवट करू नये हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा मिशा आहेत ना, आणि असल्यास पूर्वीइतक्याच आहेत ना, एवढं उलट टपाली कळवावं. कारण पुढे ओघात येईल.

मामी गेल्यावर तुम्ही दुकान बंद करून तिकडे राहायला गेलात, त्यानंतर आमच्याकडे एकदाही आला नाहीत. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. फोनवर मी "या" म्हणतो, तुम्ही "बघू" म्हणता, आणि मग आपण दोघं पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्येच "बघू" म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं आहे. जरा लांबेल. चष्मा पुसून घ्यावा.

माझे हात कसे आहेत हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर मी तुमच्या दुकानात येऊन बसायचो आणि तुम्ही सोफ्यांना, खुर्च्यांना नव्या गाद्या बसवताना बघायचो. बघून बघून मला वाटलं, आपल्यालाही येतं. पहिल्या झटक्यात मी खुर्चीला रेक्झिन शिवता शिवता स्वतःचा सदराही तिला शिवून टाकला आणि हाक मारल्यावर खुर्चीसकट उठलो. दुसऱ्या खेपेला तुम्ही मला चित्रकलेच्या मास्तरांच्या सोफ्याची पाठ बंद करायला दिलीत. मी ती फार सुबक बंद केली. फक्त दुकानातली हातोडी आत राहिली. तुम्ही ती हातोडी माळ्यापासून गटारापर्यंत शोधलीत. मग मास्तर तक्रार घेऊन आले, की सोफा डाव्या अंगाला टोचतो. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, अंगठ्याने सोफा दाबून पाहिलात, "हं" केलंत, आणि स्प्रिंग नवी आहे, बसेल हळूहळू, असं सांगून परत आलात. मला एका शब्दाने बोलला नाहीत. नुसतं म्हणालात, "तू आपला शीक बाबा. ज्या कामात हातोडी लागत नाही असं काम बघ." त्याप्रमाणे मी पाणीखात्यात तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर बसलो आणि बसून बसून निवृत्त झालो. मास्तर मात्र अजूनही कुठेही बसले तरी उजव्या कुशीवर कलून बसतात. (हे मास्तर लक्षात ठेवावेत. पुढे लागतील.)

तर झालं असं, की आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांनी या वर्षी चमत्कारिक हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव ठेवलं, "हाताला येईल ते". लोक पुस्तकं न्यायला येत नाहीत, निदान काहीतरी आणून ठेवायला येतील, असा त्यांचा हिशोब. आणि लोकांनी काय काय आणलं, मामा! दवाखान्यातल्या कंपाउंडरने औषधांच्या बाटल्यांच्या बुचांचं जहाज केलं होतं. ते दिसायला राजेशाही होतं, पण जवळ गेलं की खोकल्याच्या औषधाचा वास यायचा. एका बाईंनी घरातल्या यच्चयावत वस्तूंना लोकरीचे कपडे विणले होते. नळाला टोपी, टेबलाच्या चार पायांना मोजे, आणि इस्त्रीला स्वेटर. (इस्त्रीला थंडी वाजते का, असं मी विचारलं. त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.) टीव्हीवरच्या मालिकेतल्या कजाग सासूची किटलीवर घालायची टोपी आणखी एकीने विणली होती. किटलीची चोच तिच्या नाकाच्या जागी बरोबर यायची आणि वाफ निघाली की ती खरोखर चिडल्यासारखी दिसायची. तिच्यापुढे सर्वांत जास्त गर्दी होती. आमच्या गल्लीतल्या तीन सुना तर तिला रोज बघून जात.

एवढ्यांचे हात चालतात तर आपल्याच हातांनी काय घोडं मारलं आहे, असं मला वाटलं आणि मी वॉलरस करायचं ठरवलं. वॉलरस म्हणजे बर्फाळ समुद्रातला एक धिप्पाड प्राणी. त्याला मोठ्या मिशा असतात, मान जवळजवळ नसते आणि तो दिवसभर एका जागी बसून सगळ्यांकडे नाराजीने बघतो. आता वॉलरसच का, असं तुम्ही विचाराल. टीव्हीवर त्याचा कार्यक्रम लागला होता आणि तो मला आवडला, यापलीकडे काही कारण नाही. तुम्ही निघताना ठेवून गेलेलं तपकिरी रेक्झिन माळ्यावर होतं, दाभण आणि सुतळीही होती. मी दार लावून घेऊन कामाला बसलो. आमची ही बाहेरून दर थोड्या वेळाने विचारायची, बोटं आहेत ना सगळी?

तुमचा नियम मला तोंडपाठ आहे. आधी काथ्या ठासून भरायचा, मग त्यावर कापूस. आधी हाड, मग मांस. मी नेमका आधी कापूस भरला. काथ्या वरून ठासल्यावर सगळा कापूस खाली सरकला आणि हनुवटी छातीवर उतरली. ती वर ढकलली की गाल फुगायचे, गाल दाबले की पोट पुढे यायचं. म्हणजे माल एकच, नुसता मुक्काम बदलत होता. शेवटी मी जिथे जे थांबलं तिथे शिवून टाकलं. मिशांना बुटाचे दोन ब्रश लावले. डोळ्यांना कोटाची बटणं लावली, पण एक बटण बारीक मिळाल्यामुळे तो एक डोळा अर्धवट मिटून बघतोय असं दिसायला लागलं, एखाद्याचं काम नजरेनेच नापास करावं तसं. सुळे राहिलेच होते, ते सगळ्यात शेवटी दोन मेणबत्त्यांचे बसवले.

चिटणीसांनी वस्तू पाहिली आणि प्राणी विभागात ठेवून घेतली. फक्त, वॉलरसच्या गळ्यात मोजपट्टी कशासाठी, असं त्यांनी विचारलं. बर्फाची जाडी मोजायला, असं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, अंगात खिशाचा बनियन का आहे. थंडी, असं मी म्हणालो. माणूस सज्जन आहे, त्यांनी वहीत "थंडी" असं लिहून घेतलं. माझ्या वॉलरसशेजारी एक कागदाचा जिराफ होता. तो मधून मधून मान टाकायचा, त्यामुळे शेजार चांगला होता. दोन दिवस लोक येत होते, वॉलरसकडे बघून "सील का?" म्हणत होते आणि सासूकडे जात होते. मला त्याचं काही वाटलं नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातची वस्तू चारचौघांत उभी होती आणि तिच्यात हातोडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी घात झाला. परीक्षणासाठी हॉलमध्ये मोठे दिवे लावले होते. ते नेमके प्राणी विभागाच्या डोक्यावर आले. उकाड्याने आधी मेणबत्त्या वाकल्या, मग वाकून मिशांना टेकल्या, आणि परीक्षक समोर येऊन उभे राहिले त्याच क्षणी दोन्ही सुळे गळून त्यांच्या पायांशी पडले. परीक्षक म्हणजे चित्रकलेचे मास्तर. तेच, उजव्या कुशीवरचे. त्यांनी सुळ्यांकडे पाहिलं नाही. वॉलरसकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे गादीवाले मामा आहेत. मी यांच्याशी सोळा वर्षं भांडलोय, मला शिकवू नका."

मग काय, रांगच लागली. सासूसमोरची सगळी गर्दी इकडे आली. ज्याच्या ज्याच्या घरी तुमच्या हातची गादी आहे तो येऊन बघून गेला. हे बघा, असाच एक डोळा मिटून "परवा या" म्हणायचे, असं लोक एकमेकांना सांगत होते. कंपाउंडरच्या आईने तर वॉलरसकडेच जुन्या पलंगाची तक्रारही केली. आणि मास्तरांनी तिथल्या तिथे माझी वस्तू प्राण्यांतून उचलून व्यक्तिशिल्पांत नेली आणि तिला पहिला क्रमांक दिला. मी ओरडून सांगत होतो की हा वॉलरस आहे, कागदावर तसं लिहिलेलं आहे. कोणी ऐकेना. मामा, मी हे कोणत्याही वाईट हेतूने केलेलं नाही. तुमचा अपमान करायचं माझ्या मनातही नव्हतं. माझ्या हातून ठरवलेलं काही होत नाही, आणि जे होतं ते ठरवलेलं नसतं, हे तुम्ही दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगलं जाणता. राग मानू नये.

बाकी सर्व क्षेम. ही तुम्हाला नमस्कार सांगते. औषध डोळ्यांत घालावं.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द वाचून तुम्ही "हं" कराल, ते मला इथे ऐकू आलं) भाचा

ता. क. एक छोटी अडचण आहे. व्यक्तिशिल्प विभागाचा एक नियम निघाला. बक्षीस घेताना ज्याचं शिल्प आहे तो माणूस शिल्पाच्या शेजारी बसलेला पाहिजे, म्हणजे लोकांना ताडून बघता येतं. समारंभ येत्या रविवारी आहे. तुम्ही नाही आलात तर बक्षीस किटलीवरच्या सासूला जाईल. (मालिकेतली ती बाई तरी कुठून येणार, असं मी म्हणालो. पण विणणारणीची स्वतःची सासू शेजारी बसायला आनंदाने तयार आहे म्हणे.) तेव्हा शनिवारीच निघावं. गाडीवर घ्यायला मी येतो.

आणखी एक. पत्र बंद करत होतो तोवर तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला. तुम्ही म्हणे मिशा पार काढून टाकल्यात, कोणासाठी ठेवायच्या असं म्हणालात. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मिशांविना आलात तरी चालेल. इकडचे ब्रश मी उपटून ठेवतो, बूट तरी पुसता येतील. मास्तरांनाही एकदा भेटायला हवं. सोफ्यात काय आहे हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही आल्यावर ठरवू.

शेवटचं. टीव्हीवर वॉलरसचा कुठलाही कार्यक्रम लागला नव्हता. मी तुमचा फोटो समोर ठेवूनच बसलो होतो. आमच्या खिडकीजवळची ती खुर्ची तुम्हीच बांधून दिलीत आणि तिच्यात तुमच्याशिवाय कोणी बसत नसे. अजूनही कोणी बसत नाही. ही ती रोज पुसते, वाळलेले कपडेसुद्धा तिच्यावर टाकत नाही. ती रिकामी खुर्ची मला बघवेना, म्हणून केलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी त्याला तिच्यात बसवलं. ही बाहेरून आली, दारातूनच म्हणाली, "मामा, कधी आलात?" आणि तशीच आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मग कप घेऊन जवळ आली तेव्हा तिला कळलं. तरी कप तिने त्याच्यापुढेच ठेवला. सकाळी उजेडात पाहिलं तर तो तुमच्यासारखा दिसेना, मला माझीच लाज वाटली, म्हणून मेणबत्त्या लावून त्याला वॉलरस करून टाकलं. प्रदर्शन संपल्यावर तो पुन्हा खुर्चीतच येणार आहे. ही त्याच्यापुढे रोज कप ठेवेल, मी तिला ओळखतो. पण मामा, तो चहाला नावं ठेवत नाही. त्यामुळे घरात कोणी आल्यासारखं वाटत नाही.