ठमीला न सांगता

३ मार्च, मंगळवार

आज फ्रेंचच्या क्लासात लिंगांवरून गोंधळ! हॉटेलातला कुक विचारत होता, "बाई, टेबल बाई आणि चाकू पुरुष — असं का?" बाई म्हणाल्या, "का विचारू नका, पाठ करा." तो म्हणाला, "म्हणजे सासरच झालं की!" सगळे हसलो.

ठमीला अजून सांगितलेलं नाही. जूनमध्ये तिच्या बाळंतपणाला फ्रान्सला गेले की दवाखान्यात एकदम नर्सशी फ्रेंच बोलेन. पोरीचं तोंड बघायचंय! लपवणं बरोबर का? गंमतच तर आहे.

८ मार्च, रविवार

व्हिडिओ कॉल. मी दुपट्याची घडी उलगडत होते. आमचा फ्रेंच जावई शेजारून हळूच तिला म्हणाला, "सांग ना आईंना." फ्रेंचमध्ये. मला कळलं याचाच आधी आनंद झाला — केवढी मूर्ख मी.

ठमी माझ्याकडे बघून हसत होती. हसता हसताच त्याला म्हणाली, "नको. तिनं इतकी दुपटी शिवलीत. बाळ गेलं हे कसं सांगू? आणखी आठवडाभर राहू दे तिला खुशीत."

मग मराठीत, "आई, कुठलं गं हे नवीन?"

मी दुपटं कॅमेऱ्यासमोर धरलं. "पिवळं," म्हटलं. "धुतल्यावर मऊ होईल."

दुसरं काय करायला हवं होतं?

९ मार्च

ह्यांना सांगितलं नाही. माझं फ्रेंच ते किती! चुकलं असेल ऐकण्यात.

१० मार्च, मंगळवार

ठमीनं जो शब्द वापरला, तो आम्हाला किल्लीच्या धड्यात आला होता — हरवली. बाईंना विचारलं, याचे आणखी काय काय अर्थ? म्हणाल्या, "किल्ली, वाट, मॅच. माणूस गेलं तरी हाच. का हो?"

"सहज."

कुकनं पाण्याची बाटली पुढे केली. चेहऱ्यावर दिसलं असावं.

१२ मार्च

ऑफिसात दिवसभर एकच विचार. तिला कुशीत घ्यायचं तर आधी कबूल करावं लागेल, की मी ऐकलं. आणि ती माझ्यासाठी हसतेय, तेवढाच तिला आधार असेल तर? तो काढून घ्यायचा मला काय हक्क? पण पोर एकटी रडत असेल. दुपटी कपाटात अगदी मागे ठेवली. पुन्हा पुढे आणली — ह्यांनी विचारलं तर!

१५ मार्च, रविवार

फोन जावयानं उचलला. नेहमीसारखं "नमस्कार आई" म्हणून ठमीला हाक मारायला निघाला. मी फ्रेंचमध्ये विचारलं, "तू कसा आहेस?" पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य.

"बरा आहे," म्हणाला. मग ढसाढसा रडायला लागला. बोलत राहिला — मला निम्मंही कळलं नाही. ऐकत बसले.

मागून ठमीचा आवाज आला, कोणाशी बोलतोयस?

तो म्हणाला, "आईशी."