खाली ठेवलेला कप

प्रिय रुदैना,

आईने अम्मानला येणाऱ्या ड्रायव्हरकडे सुकं दही दिलं आहे. पोचलं की कळव, नाहीतर मी काळजी करत बसेन.

गुरुवारी तुला शिकवणाऱ्या डॉक्टर सौसन घरी आल्या. सोबत कोरियाच्या हानबाई होत्या, ज्यांच्या विद्यापीठाशी तुमच्या मेडिकल कॉलेजचा करार झाला आहे. दोन वर्षं तिकडे शिकायला तुझी निवड झाली आहे आणि बाबांच्या होकारावाचून तू जाणार नाहीस, म्हणून त्या तो होकार मागायला आल्या होत्या. बाबांना हे आधीच कळलं असावं. त्यांनी फव्वाझकाकांना शेजारी बसवलं आणि मानाचा पहिला कप हानबाईंना द्यायला मला सांगितलं. मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफी न पिता समोर ठेवतो आणि यजमान "पी, तुझं काम झालं" म्हणाल्यावरच उचलतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ज्यांच्या हातात कप होता त्यांना नव्हतं. प्रवासाने दमलेल्या हानबाईंनी तो दोन घोटांत संपवला आणि कुणीतरी शिकवल्याप्रमाणे 'आता पुरे' म्हणून हलवून परतही दिला. सौसनबाईंनी डोळेच मिटले. बाबा गोड हसून म्हणाले, "येत जा अशाच." म्हणजे विषय संपला. फव्वाझकाका मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "म्हाताऱ्याने बसल्या जागी कोरिया जिंकला."

किटली माझ्याच हातात होती. मी स्वतःसाठी कप भरला, पाहुण्यांच्या ओळीत जाऊन बसलो आणि तो समोर ठेवला. थोडी कॉफी गालिच्यावर सांडली. त्यावरून आई अजून बोलते आहे. बाबांनी विचारलं, "आपल्याच घरात पाहुणा झालास? काय हवंय, गाडी?" काका म्हणाले, "बायको मागेल, दुसरं काय." मी म्हणालो, "बाबा, रुदैनाला जाऊ द्या." मग सालहाआत्याचं नाव घेतलं. छातीतली गाठ पुरुष डॉक्टरला दाखवायची नाही म्हणून ती शेवटपर्यंत गप्प राहिली, आणि आपल्या भागात अजूनही दाखवायला बाईडॉक्टर नाही, एवढंच बोललो. आत्याचं नाव त्या खोलीत गेली कित्येक वर्षं कुणी काढलं नव्हतं. बाबा माझ्या कपाकडे बघत राहिले. त्यातली वाफ विरली. शेवटी ते म्हणाले, "पी. पाहुण्याला थंड कॉफी पाजली म्हणून लोक मला नावं ठेवतील." काका लगेच उठून म्हणाले, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" आता तो शब्द मागे जात नाही, रुदैना. तू नक्की जाणार आहेस.

पण मी लिहितो आहे ते वेगळ्याच कारणासाठी. संध्याकाळी शेळ्या बांधताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर आली, कोरिया आला, तूसुद्धा पाहुणा झालास. तेवढं रुदैनानेच विचारलं नाही." तेव्हा या शुक्रवारी घरी ये. बाबांच्या हातून कॉफी घे आणि कप खाली ठेव. ते कपाळाला आठ्या घालतील, तिकडच्या थंडीचं विचारतील, उगाच वेळ लावतील. लावू दे. मी काही कळवलं आहे असं दाखवू नकोस. उत्तर तुला आता माहीत आहे, पण ते तुला द्यायचं त्यांचं राहून गेलं आहे.

शुक्रवारी पुन्हा किटली धरून उभा राहणारा,
तुझाच
नायेफ