सर्व सुखरूप

ता. ४ मार्च

चि. बाळूस,
अ. आ.

विमान यायच्या दिवशी सकाळी मी चिमणीची गादी गच्चीवर टाकून काठीने झोडपत होते. खिडकीच्या काचा पुसल्या, दाराच्या बिजागरीत तेल सोडलं, कारण ती करकरली की चिमणी वैतागते. शेजारच्या शिंपिणीने तिच्या गच्चीवरून विचारलं, की लेक येणार आहे की वरात. मी म्हटलं, माझ्यासाठी दोन्ही एकच. तुझे भावोजी असते तर आदल्या रात्रीच विमानतळावर जाऊन बसले असते. त्यांची खुर्चीही पुसली. ती मी रोजच पुसते.

मग विमानतळावर लढाईतून माणसं आणणारं तुमचं विमान उतरलं. माणसांच्या घोळक्यात माझ्या हातचा हिरवा स्वेटर दिसला आणि मी धावले. स्वेटरात दुसरीच बाई होती. चिमणीच्या दवाखान्यातली स्वयंपाकीण, सातवा महिना सरलेला. तिला आपली भाषा मोडकीतोडकी येते, तीही चिमणीने शिकवलेली. तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि माझ्या पायाशी बसून रडायला लागली. चिमणीने लिहिलंय, की तिथे परिचारिका म्हणून ती एकटीच उरली आहे, जखमींना टाकून यायला पाय निघत नाही, आपली जागा हिला दिली आहे, आणि मी आदळआपट करू नये. तुमच्या कचेरीच्या माणसाने विमानात डोकी मोजली, ती बरोबर भरली, झालं.

आज पेपर उघडला. तुला ठाऊक आहे, मी वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकले, त्यामुळे छापलेली एकही ओळ सोडत नाही. लिहिलंय, की आपला एकही नागरिक तिथे मागे राहिलेला नाही, सर्व सुखरूप परतले. तू दूर परराष्ट्र खात्यात नोकरीला लागल्यापासून तुझं प्रत्येक पत्र ‘सुखरूप’नेच सुरू होतं, तेव्हा हे कुणी लिहिलं ते मला कुणी सांगायला नको. लोक अभिनंदन करायला येताहेत आणि मी अर्धं दार लावून उभी.

छापलंय ते खोटं आहे असं कळव आणि दुरुस्त करून घे. रागावले आहे, तरी वेळेवर जेवतोस की नाही तेही लिही.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन घास कमी गेले, तेव्हा जेवणाचं उत्तर त्यात आलंच. चिमणीने हा हट्टी स्वभाव कुणाकडून घेतला, ते मी लिहीत नाही.

पण ताई, ते निवेदन सभागृहात वाचून झालंय. मंत्र्यांनी त्यावर टाळ्या घेतल्या. आता चूक झाली म्हणावं, तर पहिला प्रश्न येईल, की त्या जागेवर कोण बसलं. मग तुझ्या घरची पाहुणी मिळेल त्या विमानाने परत जाईल. ही धमकी नाही, नियम आहे.

तू दवाखान्याचं विचारशील. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना आम्ही आधी कळवलं होतं, की तिथे आमची मुलगी काम करते, त्या इमारतीवर मारा करू नये. आता आपलं कुणी तिथे नाही म्हटल्यावर ती विनंती मागे पडली. तरी तीव्र चिंता आम्ही व्यक्त केलेलीच आहे. औषधांची खोकीही तयार आहेत. मंत्र्यांना फोटोसाठी वेळ मिळाला की निघतील.

एक सुचवतो. तू अंथरुणाला खिळली आहेस, असं चिमणीला कळव. आईसाठी ती सीमेपर्यंत नक्की येईल, पुढचं मी पाहतो. तोवर कुठे काही बोलू नकोस. रागावलीस तरी चालेल, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझा बाळू

ता. १४ मार्च

चि. बाळूस,
अ. आ.

विनंती मागे पडली, असं तू लिहितोस. ती आपोआप मागे पडत नाही, बाळू. कुणीतरी उचलून मागे ठेवतं.

काल बातमी आली, की चिमणीच्या दवाखान्यासमोरची पावाची भट्टी उडाली. माणसं रांगेत उभी होती. तुमच्या कचेरीने पुन्हा चिंता व्यक्त केली. मागच्या खेपेला तीव्र होती, या खेपेला गंभीर. इतक्या चिंता करता, मग तुमच्यातल्या एकाची तरी झोप उडाली का, ते कळव. आणि जखमी माणसाने फोटो निघेपर्यंत कळ कशी काढायची, तेही तुझ्या मंत्र्यांना विचार.

खोटं लिहिलंस तू, आणि त्याला ठिगळ म्हणून आजारी पडायचं मी. तुझे भावोजी गेले तेव्हा चिमणी त्यांच्या उशापासून हलली नव्हती. तिला आजाराचं सोंग दाखवून बोलावू? सीमेच्या रस्त्यावर रोज गाड्या जळताहेत. तू तो पेपर वाचत नाहीस, नुसता लिहितोस.

पाहुणीला तू माझ्यापुढे आडवी धरलीस, ते सगळ्यात जास्त लागलं. गप्प बसले तर लेकीच्या डोक्यावर बॉम्ब, बोलले तर हिच्या पोटावर पाय. तिच्यापासून लपवणं मला जमेना. सगळं सांगितलं, अर्धं खुणांनी. तिने विसळत असलेलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, की तिचा नवरा त्याच दवाखान्यात जखमींचं स्ट्रेचर उचलतो, तेव्हा मी बोलावंच. शिंपीण म्हणते, दगडावर डोकं आपटलं तर डोकंच फुटतं. मी म्हटलं, फुटू दे, निदान लेकीऐवजी माझं फुटेल.

तू कधीही आलास तरी तुझ्यासाठी ताट आहे. बोलेनच, असं मात्र नाही.

तुझी ताई

ता. क. हे पत्र लिहून मुद्दाम ठेवून घेतलं, नाहीतर तू आडवा आला असतास. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणीला प्रसूतिगृहात नेऊन तिच्या स्वतःच्या नावाने दाखल केलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून लिहून दिलं, की बाळंत होईपर्यंत हिने प्रवास करायचा नाही. तिथून मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले आणि माझी मुलगी परत आलेली नाही, असं सांगितलं. निवेदन कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. माझ्या धाकट्या भावाने, असं सांगितलं.