काकांच्या पिशवीतली फुलं

अल्माटी, शनिवार

प्रिय आई,
तुझ्या स्तेफाचा गळ्यात पडून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण पोटभर मिळतं, पण बटाट्याच्या धिरड्यांना तुझ्या हाताची चव नाही. तळघरातल्या बटाट्यांना मोड आले का? यानिनामावशी सोबतीला येते ना?

काल उपांत्य सामना जिंकले. इथल्या बिलियर्ड्स टेबलाची भोकं इतकी अरुंद, की चेंडू जीव मुठीत धरून आत जातो. उद्या अंतिम सामना. मनगट ठणकतंय, पण तू घोर लावून घेऊ नकोस.

फोन केला की दर वेळी म्हणतेस, "बाबा झोपलेत."

आज आमचे प्रशिक्षक कझिमीरकाका अचानक गावाकडे निघालेत. पिशवीत लाल कार्नेशनची चार फुलं दिसली.

"कुणाला हो?"

"बहिणीचा वाढदिवस आहे गं. पहाटे पोहोचणार, तेव्हा दुकानं बंद."

वाढदिवसाला चार? सम संख्येत फुलं आपण फक्त मेलेल्यांना वाहतो, हे मी त्या म्हाताऱ्याला शिकवायचं? मेल्याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही!

त्यांना रागावू नकोस. बाबांनीच बजावलं असणार, "पोरगी खेळतेय, तिला हलवू नका." टेबलावर चेंडू आहेत तोवर हातातली क्यू-काठी खाली ठेवायची नाही, हेही बाबांनीच शिकवलं. उद्या खेळेन.

हे पत्र काकांच्याच हाती देतेय. ते चहा आणायला गेले, तेवढ्यात मी आणलेली दोन फुलं त्यांच्या पिशवीत सरकवली.

मोजून घे, आई. सहा आहेत.

तुमच्या दोघांची,
स्तेफा