वरच्या कप्प्याची हाक

शिरूर, १२ जानेवारी १९६२

ती. स्व. संपतदादास म्हाळसाचा शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी भाकरी थापताना मी पुन्हा पडले. हात भाजला. सासूबाई म्हणतात, बाहेरचं हाय. देवऋषी येऊन मिरच्यांची धुरी देऊन गेला. दादा, मला कुणी दिसत न्हाई. नुसती अंधारी येते. आईला सांगू नका. इंजिनाच्या काजळीत वहिनी तुम्हांला ओळखते का, ते कळवा.

तुमची धाकटी,
म्हाळसा

दौंड, ९ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. म्हाळसास अनेक आशीर्वाद.

गेल्या पंधरवड्यात तुला पुण्याला नेलं, तेव्हा तुझ्या छातीला तारा लावून काढलेला कागद घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटलो. भूत नाही, मिरगीही नाही. काळजाच्या वरच्या कप्प्याची हाक खालच्या कप्प्याला पोचत नाही, म्हणून ते मध्येच थांबतं आणि तू पडतेस. जिभेखाली धरायच्या गोळ्या पाठवतोय. याहून काही नाही का, असं विचारलं. ते म्हणाले, परदेशात छातीत बॅटरीची डबी बसवू लागलेत; तारा तुटतात, पण काही माणसं जगतात. आपल्याकडं कधी येईल विचारलं, तर ते कागदाची घडी घालत राहिले. हे पत्र सासूबाईंना आणि कोंडिबा दाजींना वाचून दाखव. वहिनी ओळखते, पण आधी आंघोळीला धाडते.

जपून राहा.
दादा

शिरूर, २ मार्च १९६२

ती. स्व. दादास शि. सा. न.

पत्र वाचून दाखवलं. देवऋषी बंद झाला. पण सासूबाई आता म्हणतात, काळीज अधू, हिला पोर कसं व्हायचं. ह्यांच्यासाठी पाबळची मुलगी बघितलीय. हे मान खाली घालून जेवतात. दादा, भूत होतं तवर ते उतरंल असं सगळ्यांना वाटायचं. आता माझ्याकडं बघायचंबी टाळतात. गोळी घेऊनबी परवा रांजणापाशी पडले. मला थोडे दिवस दौंडला न्या.

माया पातळ होऊ देऊ नका.
म्हाळसा

शिरूर, २१ मार्च १९६२

रा. रा. संपतराव यांस कोंडिबाचा नमस्कार.

म्हाळसाच्या मातीला तुम्ही आलात, तवा हे सांगितलं न्हाई, म्हणून लिहितो. तुम्ही न्यायला येणार असं कार्ड आल्यावर तिनं पिशवी भरली होती. मी आईला सांगितलं, पाबळची सोयरीक मोड, मला दुसरी बायको नको. मग पिशवी मीच रिकामी केली आन् तिला म्हणालो, जाऊ नको. त्या रात्री ती लई दिवसांनी पोटभर जेवली. तुम्ही येऊ नका, असं कार्ड मी टाकलं. कारण लिहिलं न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उंबऱ्यात पडली. जिभेखाली गोळी ठेवली, ती विरघळली न्हाई.

दौंडला रेल्वेचा दवाखाना तरी होता. इथं नुसता मी होतो. तुम्ही येऊन काहीबी बोललात तरी ऐकून घेईन.

लोभ ठेवा, असं लिहायला हात उचलत न्हाई.
कोंडिबा